बोटीतला कच्चा जोड

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी विषयच बदलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सांगायला बसल्यावर कळतंय, सोपं काही नाही. कुठून सुरुवात करू? बोटीपासून? प्रतापदादापासून?

माझ्यापासूनच करते. मी सुनंदा, वय अठ्ठावन्न, गुजरातेत तरसालीला राहते. गोरव्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मी पॅनेलचं वायरिंग केलं. मोठमोठ्या यंत्रांना वीज देणारी कपाटासारखी पॅनेलं असतात, त्यांच्या आतलं काम. आमच्या घराण्यातले पुरुष अजून पूर्वजांच्या फौजेतल्या गोष्टी सांगतात, मी मात्र पक्कड धरली. माझ्या हातचा जोड सुटला अशी तक्रार सव्वीस वर्षांत एकदाही आली नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढे जे केलं ते अजाणता झालं असं तुम्हाला वाटू नये, म्हणून सांगते.

प्रतापदादा माझा मामेभाऊ. मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला लहानपणापासून मी ओवाळत आले ते त्यालाच. वडील गेले तेव्हा पहिला तोच धावून आला. माझ्या मुलीला, अमृताला, सायकल शिकवली त्याने. हे सगळं मला आठवतं. पण एक दिवस असा आला, की त्यानंतर हे आठवलं की राग आणखीच वाढायचा — हा माणूस असं करू शकतो?

अमृताचं लग्न ठरलं होतं. स्थळ इंदूरचं, मुलगा चांगला शिकलेला. साखरपुडा झाला, कार्यालय ठरलं, पत्रिका छापायला टाकल्या. आणि एका दुपारी मुलाच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या मुलीला फिट येतात, हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत. हे लग्न होणार नाही." मी विचारलं, असं तुम्हाला कोण म्हणालं? तर म्हणाले, "तुमच्याच घरातले. तुमचे बंधू."

आता तुम्ही विचाराल, तो खोटं बोलला होता का?

नाही. तो खोटं बोलला नव्हता. अकराव्या वर्षापासून अमृताला फिट येत. औषधाने थांबल्या, पण कॉलेजात असताना पुन्हा एकदा आली होती, आणि गोळ्या चालूच होत्या. त्या गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवायची. इंदूरच्या लोकांना मी काही सांगितलं नव्हतं. अमृताला म्हटलं होतं, लग्न होऊ दे, मग बघू. ती गप्प बसली. मी समजले, पटलं तिला.

त्या दिवशी मी तडक प्रतापदादाच्या घरी गेले. तो जेवत होता. मी दारातूनच विचारलं, "तू इंदूरला फोन केलास?" त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "हो, केला." बस्स. का केला, ते नाही. चुकलं, असंही नाही. मी वाट पाहिली — निदान मान तरी खाली घालेल. तो माझ्याकडे बघत राहिला. शैलावहिनी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आल्या, ते मी घेतलं नाही.

त्या दिवसापासून मी त्याचं वाईट चिंतलं. तोंडाने नाही. वरवर मी सणावारी जात राहिले, भाऊबीजेला ओवाळत राहिले. नातं तोडलं असतं तर तो मोकळा झाला असता ना! मला त्याला मोकळं करायचं नव्हतं. मला त्याच्या जवळ राहायचं होतं. कधीतरी त्याचं काहीतरी माझ्या हातात येईल, याची मी वाट बघत होते. लोक म्हणतात राग निवतो. माझा निवला नाही. रोज सकाळी मी अमृताला डबा घेऊन नोकरीला जाताना बघायची आणि त्या रागाला नवं इंधन घालायची.

चार वर्षांनी ते हातात आलं.

प्रतापदादाची पादरा गावाच्या पुढे, मही नदीच्या काठाला लागून शेतवाडी आहे. रिटायर झाल्यावर त्याला बोटीचं वेड लागलं. कुठून तरी एक जुनी फायबरची मोटरबोट त्याने आणली, सात-आठ माणसं बसतील एवढी. इंजिन बरं होतं, पण वायरिंग सगळं सडलेलं. मुलाचं, रोहनचं, लग्न जमत होतं, मुलीकडची माणसं सुरतेहून यायची होती. त्यांना बोटीतून फिरवायचं त्याच्या फार मनात होतं. त्याने मला फोन केला. "सुनंदा, व्याही यायचेत, आणि तुझ्यासारखा हात दुसरा नाही. तू एकदा करून दिलंस की मला चिंता नाही."

व्याही. हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात काहीतरी सरळ उभं राहिलं. माझे व्याही याने उठवले. याच्या व्याह्यांसमोर याचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं. मी म्हटलं, "येते की, दादा. रविवारी येते."

काम दोन रविवारचं होतं. वाडीवर कनुभाई म्हणून एक माणूस राखणीला होता. वय पन्नाशीचं, नदीकाठीच जन्मलेला, बायकोसह तिथल्याच खोलीत राहायचा. बोटही तोच चालवणार होता. मला तो 'बेन', म्हणजे ताई, म्हणायचा, माझ्या हत्यारांची पेटी माझ्या हातातून घ्यायचा, दर तासाला चहा आणायचा. बोटीत दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन सुरू करायला, दुसरी पाणी उपसायच्या पंपाला, दिव्यांना आणि भोंग्याला. मी त्याला समजावून सांगत होते. घरातलं अर्थिंग जमिनीत जातं, पण बोटीला जमीन कुठली? म्हणून दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडायचे आणि तिथून एक जाड केबल तांब्याच्या पट्टीवर न्यायची. इंजिनाचा धातू, पंप, दिवे, भोंगा, सगळ्यांच्या परतीच्या वायरी त्याच पट्टीवर. ती एक केबल गेली की बॅटऱ्या कितीही भरलेल्या असोत, बोट मुकी. कनुभाईने मान डोलावली. म्हणाला, "एटले मूळ ए ज ने, बेन?" म्हणजे मूळ तेच ना? मी म्हटलं, "हो. मूळ तेच."

मग त्याने मला नदीचं सांगितलं. महीला भरतीचं पाणी समुद्राकडून उलटं वर चढतं. आधी लांबून आवाज येतो, मग पाणी दिसतं. त्या वेळी इंजिन बंद असलं तर बोट आपली राहत नाही. हे त्याने मला सांगितलं. मी ऐकलं. पुढे मला कोणी म्हणू नये की बाईला नदी ठाऊक नव्हती.

दुसऱ्या रविवारी सगळं काम मी नेहमीसारखं केलं. प्रत्येक वायर नीट बांधली, फ्यूज नीट बसवले, तांब्याची पट्टी घासून चकचकीत केली. शेवटी ती जाड निगेटिव्ह केबल राहिली. तिच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात, आम्ही तिला थिंबल म्हणतो. केबलच्या तारा तिच्यात घालून हत्याराने पुरतं दाबायचं, म्हणजे तार आणि टोपी एकजीव होतात. मी टोपीच्या आत जाणाऱ्या तारा निम्म्याहून जास्त छाटून टाकल्या. उरलेल्या आत घातल्या आणि हत्यार अर्ध्यातच सैल सोडलं. मग वरून काळी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं वेष्टण, चढवली आणि गरम करून घट्ट बसवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुरेख काम आहे!

आणि हे करताना दुसरं टोक ताणून कोणी धरलं होतं, सांगू? कनुभाईने. मीच म्हटलं होतं त्याला, धर जरा.

त्या वेळी मला काय वाटलं? भीती? नाही. मला फार बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं. बटण दाबलं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, प्रतापदादाने टाळ्या वाजवल्या. वहिनींनी माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी खाल्ला.

असा जोड लगेच सुटत नाही. थोडे दिवस चालतो. इंजिनाच्या थरथरीने सैल होत जातो, मध्ये खारट पाणी शिरतं, आणि मग एक दिवस जातो. कुठला दिवस, ते माझ्या हातात नव्हतं. पण सुरतेची माणसं येणार त्या आधीच्या दोन आठवड्यांत दादा रोज बोट पळवणार, हे मला माहीत होतं. मी हिशेब केला होता. रोज मनात चित्र बघायची. बोट मध्येच बंद पडली आहे, व्याही एकमेकांकडे बघताहेत, प्रतापदादा बटण दाबतोय, दाबतोय, आणि घामाघूम झालाय. कपडे वाळत घालताना मला हसू यायचं.

ते झालं. अगदी त्याच दिवशी झालं.

मी तिथे नव्हते. नंतर ऐकलं ते सांगते. सकाळी दहाच्या सुमाराला सगळे निघाले. प्रतापदादा, वहिनी, रोहन, मुलीचे आईवडील आणि ती मुलगी. चालवायला कनुभाई. मध्यावर पक्षी बघायला म्हणून दादाने इंजिन बंद करायला सांगितलं. कनुभाई म्हणाला होता, भरतीची वेळ जवळ आहे, चालू राहू द्या. दादा म्हणाला, पाच मिनिटं. आणि पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. पंप नाही, भोंगा नाही. हाताने ओढून इंजिन सुरू करायची एक दोरी असते; ती दादाने 'आता बटण झालंय' म्हणून वाडीवर काढून ठेवली होती. मग तो आवाज आला — कनुभाईने मला सांगितलेला — आणि पाणी आलं. बोट गरगर फिरली आणि वर वाहत जाऊन एका मोडक्या धक्क्यावर आपटली. वहिनी पडल्या. उजवं मनगट मोडलं, हाड बाहेर आलं होतं. बोटीत पाणी भरायला लागलं. तेव्हा कनुभाई दोर कमरेला बांधून उतरला, छातीपर्यंत पाण्यात आणि मांडीपर्यंत चिखलात, आणि बोट ओढत काठाला घेऊन आला. अर्धा तास लागला त्याला. सगळे वाचले.

फोन आला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं? सगळं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. मी विचारलं, व्याही काय म्हणाले? वहिनींच्या हाताचं नंतर विचारलं.

आणि व्याही काय म्हणाले? काही नाही. ती बाई दवाखान्यात वहिनींच्या उशाशी बसून राहिली. मुलीचे वडील सगळ्यांना सांगत सुटले, की रोहनने एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने आमच्या मुलीला धरून ठेवलं होतं, असा जावई शोधून मिळणार नाही. लग्न दोन महिने अलीकडे घेतलं. मी चार वर्षं जे जपलं होतं, त्यातून त्यांचं नातं घट्ट झालं! मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापदादाने मला वाडीवर बोलावलं. बोट काठावर ओढून ठेवली होती. कनुभाई बाजूला उभा होता, पायांना फडकी बांधलेली, शिंपल्यांनी तळवे फाटले होते. मी बोटीत चढले. स्लीव्ह कापली. माझीच थिंबल, आणि त्यातून निसटलेल्या माझ्याच छाटलेल्या तारा. ते दोघं खाली उभे. दादाने विचारलं, "काय झालं गं?"

तेव्हा मी बोलू शकले असते. नाही का? जोड कच्चा राहिला, चूक झाली, एवढं तरी. ते खोटंच असतं, पण निदान माझ्या अंगावर आलं असतं. पण माझ्या हातचं काम कच्चं? हे मी माझ्या तोंडाने म्हणायचं? तेही त्याच्यासमोर?

मी म्हटलं, "केबल कोणीतरी ओढली आहे, दादा."

बोट रोज धुवायचा तो एकटा कनुभाई. नाव घ्यायची गरजच नव्हती. प्रतापदादाने त्याच्याकडे बघितलं. कनुभाई म्हणाला, "साहेब, में तो हाथ पण नथी लगाड्यो" — मी तर हातही लावला नाही. मग तो माझ्याकडे वळला. रागाने नाही हो — या बाईला कळतं, ही सांगेल, अशा नजरेने. मी खाली वाकले, केबलचं टोक थिंबलसकट कापलं, आणि पर्समध्ये टाकलं. घरी जाताना विश्वामित्री नदीच्या पुलावरून खाली फेकून दिलं.

दादाने त्याला महिनाअखेर काढलं. आता मला वाटतं, ती दोरी वाडीवर आपणच ठेवली होती हे दादालाही टोचत असणार, आणि मी त्याला एक आयता माणूस दिला. पण ते त्याचं. मी माझं सांगते आहे. कनुभाईची नोकरी गेली, नोकरीबरोबर खोली गेली, नदी गेली. 'बोट बुडवणारा' म्हणून काठावर त्याला कोणी दुसरं काम दिलं नाही. हे मला कळत होतं. कोणी ना कोणी सांगत होतं. मी 'अरेरे' म्हणायची.

पुढचं सांगणं सगळ्यात अवघड आहे.

गेल्या वर्षी अमृताने स्वतःच एकाशी लग्न ठरवलं. तिच्याच ऑफिसातला मुलगा, गुजराती. घरी आणला, आणि बसल्या बसल्या माझ्यासमोर त्याला म्हणाली, "माझ्या फिटचं तुला सगळं माहीत आहे, आईलाही कळू दे की तुला माहीत आहे." तो गेल्यावर मी तिला म्हटलं, इंदूरचं त्या वेळी मोडलं नसतं तर तुझी इतकी वर्षं गेली नसती, तुझ्या मामाने वाटोळं केलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मामाला मीच सांगितलं होतं. तू मला बोलू देत नव्हतीस. मीच त्याच्यापुढे रडले, की माझ्या वतीने तू सांग, पण माझं नाव आईला कळू देऊ नकोस. ती मला आयुष्यभर माफ करणार नाही."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठून गॅस बंद केला.

म्हणून दारात उभ्या असलेल्या मला तो 'हो, केला' एवढंच म्हणाला होता. मुलीला दिलेला शब्द त्याने पाळला, आणि माझा तिरस्कार अंगावर घेऊन दर भाऊबीजेला पाटावर बसत राहिला.

तुम्हाला वाटेल, हे कळल्यावर माझा राग विरघळला असेल. नाही. इतक्या वर्षांचा राग असा जात नाही. काही दिवस तो अमृतावर वळला, मग पुन्हा त्याच्यावर — तू गप्प का राहिलास, तू बोलला असतास तर मी हे केलं असतं का? हा विचार मला आवडतो, त्यात मी बरी दिसते. पण टोपीच्या आतल्या तारा त्याने छाटल्या नव्हत्या.

यंदाच्या भाऊबीजेला मी सांगायचं ठरवून गेले. ताट शैलावहिनींनी धरलं होतं, डाव्या हाताने. उजवं मनगट आता वळत नाही. मी ओवाळलं, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी जेवून घरी आले.

मागच्या महिन्यात पादऱ्याला एका बारशाला गेले होते. परतीच्या बसची वाट बघत होते. समोर भाजीच्या गोदामाच्या दारात पहारेकऱ्याच्या खाकी शर्टात कनुभाई बसला होता. खूप वाळलाय. त्यानेच मला ओळखलं. उठला, स्टूल आणून सावलीत ठेवलं. "बेसो, बेन." मी बसले. त्याने अमृताची चौकशी केली, वहिनींच्या हाताची केली. बायको पोराकडे आणंदला राहते, म्हणाला. इथे झोपायला जागा एकाचीच आहे. मग त्याने विचारलं, "बेन, ए वायर कोणे खेंचेलो, कंई खबर पडी?"

ती वायर कोणी ओढली, काही कळलं का — एवढंच त्याला हवं होतं. तो माझ्याकडे बघत होता, तसाच, त्या सकाळसारखा.

मी म्हटलं, "ना, कनुभाई. काही कळलं नाही."

त्याने मान हलवली. बस आली, त्याने हात करून ती थांबवली, आणि मी चढले.